आत्याची तक्रार

माझी आत्या पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर बसते. अख्खं शहर तिच्यावर ओरडून गेलंय, पण तिचा आवाज चढलेला कुणी ऐकलेला नाही. कचेरीत तिचं नाव ‘बर्फाची लादी’. नळ कोरडा म्हणून तावातावाने भांडायला आलेल्या माणसाच्या हातात ही चक्क पाण्याचा ग्लास ठेवते, आणि तो मुकाट्याने पितोसुद्धा!

त्या ग्लासाचा मात्र तिचा एक नियम आहे. नवीन कारकून आला की ती बजावते, "माणूस बोलत असताना पाणी पुढे करू नकोस. ते पाणी नसतं, तोंडाला बूच असतं. त्याचं सगळं बोलून होऊ दे, मग दे." वर हेही सांगते, "ओरडतो त्याची काळजी नको, तो उद्या परत येईल. ‘राहू द्या, माझं काही म्हणणं नाही’ म्हणून पाठ फिरवतो ना, त्याला हाक मारून बसव. त्याने आपली आशा सोडलेली असते."

अशी ही बाई, पण देवापुढे नुसती साखर. आतोबांच्या मेंदूत रक्तस्राव झाला, ऑपरेशन झालं आणि ते शुद्धीवरच येईनात. डॉक्टरांना विचारावं तर "वाट बघू" एवढंच. आम्ही दोघी दवाखान्याच्या बाकावर बसून असायचो. म्हणजे मी बसायचे. ती दारापर्यंत जायची, काचेतून आत बघायची, परत यायची, चपला काढायची, लगेच घालायची. पर्सची चेन उघड, बंद कर, पुन्हा उघड. मध्येच हात जोडून पुटपुटायची, "देवा, तू करशील ते बरंच करशील. माझं काही म्हणणं नाही."

दिवसभर तेच ऐकून माझं डोकं फिरलं. मी मुळात तोंडाळ. म्हटलं, "आत्या, काही म्हणणं नाही तर या येरझाऱ्या कशाला? घरी जाऊन झोप ना!"

"देवाला वाटेल ते बोलू नये गं."

"का? त्याला ऐकायला कमी येतं, की राग लवकर येतो?"

ती थबकली. हातातली पर्स बाकावर ठेवून हळूच म्हणाली, "‘माझं काही म्हणणं नाही.’ खिडकीवर कुणी असं म्हणालं असतं तर मी त्याला जाऊ दिलं नसतं."

मग ती समोरच्या भिंतीकडे वळली.

"देवा, ऐक," ती म्हणाली. "आहे माझं म्हणणं!" आवाज चढत गेला. "निवृत्त झाल्यावर परसात भोपळे लावू म्हणत होते हे. बिया आणून ठेवल्यात डब्यात. आणि तू यांना असं आडवं केलंस? कुणाचं काय वाकडं केलं होतं यांनी? दोरीवर यांचा टॉवेल दिसला की मला घरात पाऊल टाकवत नाही. भीती वाटते मला, कळतंय का तुला? राग आलाय तुझा! आणि मी वर तुझे गोडवे गातेय, खोटारडी कुठली!"

वॉर्डबॉय ट्रॉली धरून जागीच उभा राहिला. शेजारच्या आजोबांनी पेपर खाली केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण काडी मीच लावली होती. मी धावत जाऊन पाणी आणलं.

"आत्या, शांत हो. घोटभर पाणी पी."

तिने ग्लास हाताने बाजूला सारला. "माझं अजून संपलेलं नाही."

मी ग्लास धरून उभी राहिले. ती भांडत होती, मध्येच रडत होती, नाक पुसून पुन्हा भांडत होती. हळूहळू आवाज खाली आला. शेवटी एवढंच उरलं, "मला हे हवेत रे. दुसरं काही नको." मग तिने न बघताच माझ्याकडे हात केला. मी ग्लास दिला. ती सगळं पाणी प्यायली.

काचेपलीकडे आतोबा होते तसेच होते. आत्या बाकावर टेकली. चपला काढून तिने पाय वर घेतले आणि भिंतीला नेहमीच्या थंड आवाजात सांगितलं, "उद्या परत येणार आहे मी."