गच्चीवरच्या चपला

वाळवणाच्या दिवशी आमच्या नंदनवनच्या घरी गच्चीवर चपला चालत नाहीत. हा सासूबाईंचा नियम. त्या गेल्या, आम्ही दोघी सुना राहिलो आणि नियमही राहिला. म्हणून कुरडया ऊन चढायच्या आत घालाव्या लागतात. एप्रिलमधली नागपूरची गच्ची उशीर करणाऱ्याला सोडत नाही. कोणी काय कधी करायचं ते मी आदल्या दिवशी लिहून फ्रिजवर लावते.

यंदा चीक शिजायलाच वेळ लागला. ऊन तापलं तशा मोठ्या जाऊबाई या पायावरून त्या पायावर नाचत जिन्याच्या सावलीत पळाल्या. मी शेवटच्या ओळी घालत होते.

"काहून वं, पायाले टायर लावले का तू?" त्या सावलीतून ओरडल्या.

"सवय लागते, ताई."

दोघीही हसलो. आंघोळीच्या वेळी तळपायाला फोड दिसले. दिसले म्हणून कळले.

साखर मला बरीच वर्षं आहे. आधी पावलांत मुंग्या यायच्या, मग जळजळ, मग तीही थांबली. थांबली तेव्हा मला बरं वाटलं होतं. धंतोलीतल्या डॉक्टरांनी माझ्या अंगठ्यावर थरथरणारा लोखंडी चिमटा टेकवला. "थरथर थांबली की सांगा."

"सुरू केली का?" मी विचारलं.

त्यांनी चिमटा ठेवून दिला आणि नसांची तपासणी लिहून दिली. विजेचे बारीक झटके देतात आणि नस ते पुढे कसे नेते ते यंत्र पाहतं.

"त्यानं नस सुधारते का?"

"नाही. कुठवर बिघडलीय ते कळतं. दुसरं काही कारण असेल तर तेही कळतं."

"आणि साखरच निघाली तर?"

"तर आत्ता जे सांगतोय तेच. साखर आवरायची, पाय जपायचे."

तपासणीची वेळ घेऊन घरी आले आणि कागदावर मधोमध रेघ मारली. करावी, या बाजूला 'दुसरं कारण निघू शकतं' एवढं लिहिलं. ते माझं मलाच पटेना. माझ्या आईचंही असंच झालं होतं. आधी अंगठा काढला, मग पाऊल, मग ती पलंगावरून उठलीच नाही. शेवटी शेवटी ती विचारायची, "माहे पाय झाकले का वं?" मी हो म्हणायचे. पाऊल एकच उरलं होतं.

करू नये, या बाजूला एकच शब्द होता. गाडी.

"रिपोर्टमध्ये आलं की तुझी गाडी बंद," आमच्या ह्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. "सिग्नलला पाय टेकतेस ते तुला कळतं तरी का?"

"आजवर पडले का मी?"

"पडलीस की तेही लिहून फ्रिजवर लाव."

दळण, बँक, लकडगंजचा किराणा, गुडघ्याच्या व्यायामासाठी जाऊबाईंना मनीषनगरला नेणं-आणणं, सगळं त्या स्कूटरवर चालतं. ती काढून घेतली तर या घरात मी नुसती कागद लावत बसणार.

फोड सुकले आणि मुंगवड्यांचा दिवस आला. तपासणी दुसऱ्या दिवशी होती. जाऊबाईंनी कोऱ्या रबरी चपला आणून वाळवणासाठी अंथरलेल्या धोतराच्या कडेला ठेवल्या.

"घाल. सासूबाईनं वरून काही म्हटलं त माह्यं नाव सांग."

मी घातल्या. टाकीजवळ ठेवलेलं परातीतलं मूगडाळीचं पीठ घेऊन परत आले. जाऊबाई माझ्या पायांकडे बघत होत्या.

"दुसरी कोठं हाय?"

एका पायात चप्पल होती, दुसरा पाय अनवाणी. चप्पल टाकीपाशी उलटी पडली होती. तिथून इथवर मी तापलेल्या गच्चीवरून तशीच चालत आले होते.

जाऊबाई चटके खात गेल्या आणि चप्पल घेऊन आल्या. खाली बसल्या आणि माझा पाय धरला.

"ताई, अहो, पाय काय धरता?"

"धरला हाय हे समजलं का तुले?"

"हो," मी म्हटलं. मी खाली बघत होते, म्हणून म्हणता आलं.

त्यांनी वर पाहिलं आणि माझा पाय चपलेत सरकवला. आम्ही मुंगवड्या घातल्या. ओळी नेहमीसारख्या सरळ आल्या.

संध्याकाळी फोन करून मी तपासणी रद्द केली; कुठवर बिघडलंय ते गच्चीवरच कळलं होतं. मग खिळ्यावरची गाडीची चावी काढून जाऊबाईंच्या हातात दिली.

"मले देऊन काय फायदा? मले कोठं येते चालवता?"

"ठेवा तुमच्याकडे. मी मागितली तरी देऊ नका."

त्यांनी चावी पदराच्या टोकाला बांधली.

"मंग उद्याचं दळण वं?"

मी फ्रिजकडे पाहिलं. फ्रिजवरच्या कागदावर दळणापुढे माझंच नाव होतं.