फसवलं असं लिहा

माझ्या धाकट्या भावाला कुणी फसवलं नाही. एवढं आधीच सांगून टाकते, कारण मेढ्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव आहे, तिथं कुणालाही विचारा, एजंटानं फसवून नेला असंच सांगतील. आबा, म्हणजे आमचे वडील, तेच सांगतात. मीही अर्जात तेच लिहिलंय. पण तो परक्या देशाच्या लढाईत स्वतःहून गेला, माझ्या घरातून गेला, आणि निघताना मी त्याच्या हातावर दही-साखर ठेवली.

आमच्या घरात तीन पिढ्या फौजेतल्या. यानंही सतरा वर्षं काढली. संसार मोडलेला, मूलबाळ नाही, म्हणून रिटायर झाल्यावर सांगलीजवळ कुपवाडला आमच्याकडे राहिला आणि एका कारखान्याच्या गेटवर उभा राहू लागला. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मोटारसायकलींचे नंबर दिवसभर वहीत लिहायचे, एवढंच काम. जेवताना म्हणायचा, "आक्का, मला दुसरं काय येतंय गं?" मी म्हणायचे, "गिळ गुमान." लाडानंच म्हणायचे.

एका संध्याकाळी भाकरी मोडता मोडता त्यानं सांगितलं. "तिकडं लढाई चाललीय. त्यांची स्वतःची माणसं भरती नको म्हणून पळून जात्यात, म्हणून आमच्यासारख्यास्नी घेत्यात. मी फॉर्म भरलाय."

मी काय विचारावं? "थंडी लय असंल. गरम कपडे देत्यात का?"

फौजेत निघालेल्या माणसाला आमच्यात 'का' आणि 'कुठं' विचारत नाहीत. अपशकुन होतो म्हणे. बूट, पांघरूण, खाणं, एवढंच विचारायचं. आईनं आबांना असंच पाठवलं, आणि आई गेल्यावर मी ह्याला असंच पाठवत आले. फरक एवढाच की ही लढाई आपली नव्हती. ते माझ्या टाळक्यात शिरलं नाही असं नाही. शिरलं होतं. तरी मी औक्षण केलं, कारण ताट हातात घेतलं की बोलायला लागत नाही.

शेजारच्या काकी जैन आहेत, दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या. त्या दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. तो रिक्षात बसून गेल्यावर म्हणाल्या, "अगं बाई, त्या लोकांनी ह्याचं काय वाकडं केलंय? हा मारणार कुणाला?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तुमाला मुंगी मेली तरी पाप. तुमी ह्यात बोलूच नका." दोन महिने आमचं बोलणं बंद होतं. त्यांचं बरोबर होतं हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आबांना फोनवर कळवलं तेव्हा ते म्हणाले, "लढाई ती लढाई. शिपायानं निवडायची नसती."

सुरुवातीला त्याचे फोन यायचे. बर्फ दाखवायचा, काळा पाव दाखवायचा. मग एक दिवस चित्र नाही, नुसताच आवाज आला. "आक्का, परवा एका घरात शिरलो. आत एक माणूस हुता. माझ्याच वयाचा. हाताला घट्टे हुते, शेतकरी असंल."

"मग?"

"मग काय. मीच फुडं हुतो."

मी मेथी निवडत होते. फोन ठेवल्यावर राहिलेली निवडली, भाजी टाकली, सगळे जेवले. रडायला हवं होतं, निदान घास तरी अडकायला हवा होता. काहीच झालं नाही. दाढ काढताना इंजेक्शन देतात ना, तसं नुसतं बधिर. तेव्हापासून तसंच आहे.

नंतर फोन बंद झाले. टीव्हीवर तिथून कुणाची तरी शवपेटी आल्याची बातमी लागली आणि आबांनी मला बोलावून घेतलं. त्याला परत आणा म्हणून आम्ही दोघं साताऱ्याला अर्ज द्यायला गेलो. कचेरीबाहेर अर्ज टाइप करून देणाऱ्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "फसवलं असं लिहा. खुशीनं गेला म्हणालात तर त्याला परत कोण आणणार?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. उभ्या नोकरीत खोटा रिपोर्ट न दिलेला माणूस. "लिव म्हणावं त्येला," असं म्हणून ते स्टँडच्या दिशेनं चालायला लागले. सही मी केली.

चार महिन्यांनी कचेरीतून कळलं, तो जिवंत आहे आणि परत यायच्या यादीत त्याचं नाव लागलंय. पण फसवलं गेलो असं त्यानं स्वतः सांगायला हवं. त्याच्याशी बोलायची वेळ ठरवून मिळाली. मी त्यासाठी मुद्दाम गावी गेले. डेअरीची वेळही नेमकी तीच, त्यामुळं फोन आला तेव्हा आबा डेअरीवर दूध घालायला गेले होते.

मी पहिलंच वाक्य बोलले, "फसवलं म्हण आणि घरी ये."

त्याच्या मागं कुणीतरी तिकडच्या भाषेत ओरडत होतं.

"आक्का, फसवलं म्हणलं तर त्या माणसाला कुणी मारलं?"

"मला न्हाई माहीत. मला त्या माणसाचं काय करायचंय? तू ये."

"त्येच्या घरात मी शिरलो. कुणी ढकललं न्हवतं मला. सही माझी हाय."

"आरं, आबा थकल्यात रं."

"व्हय," म्हणाला. मग लांबच्या कुणाशी तरी बोलावं तसं म्हणाला, "मला न्हाई म्हणता येत गं." आणि फोन कट झाला.

आबा किटली घेऊन पायरीवर आले. चप्पल काढायच्या आधीच विचारलं, "काय म्हणाला? कवा येतोय?"

मी म्हटलं, "फोन आलाच न्हाई, आबा."