अ‍ॅपला जामीन मोटारसायकल

अ‍ॅप स्टोअरने आम्हाला तिसऱ्यांदा नाकारलं, तेव्हा आमच्या कंपनीच्या मालकीण मॅडमनी ऑफिसात लॅपटॉप असा आपटला की ताथवड्यातल्या निम्म्या कॉलेजांना वाटलं, सुट्टीची घंटा झाली.

कारण एकच: ‘अ‍ॅप उघडत नाही.’

उघडणार कसं? चाकणच्या एका कारखान्यासाठी ते केलेलं. माल घेऊन आलेल्या ट्रकवाल्याने फोनवर नंबर लावायचा आणि खुशाल झोपायचं. पण कुणी सोलापुरातूनच नंबर लावू नये म्हणून ते फक्त कारखान्याच्या गेटजवळ उघडायचं. आणि स्टोअर म्हणजे फोनमधलं अधिकृत दुकान. माल मांडण्याआधी त्यांचा परीक्षक तो तपासणार. परीक्षक बसलेला सातासमुद्रापार.

“त्याला चाकणला आणू का?” मी विचारलं.

“सोमवारी ट्रायल आहे,” मॅडम म्हणाल्या. “झाली नाही तर काम दुसऱ्या कंपनीकडे आणि तू घरी.”

मग मी स्टोअरला वळसा घातला. अ‍ॅपची फाइल आमच्याच वेबसाइटवर टाकली, तिचा क्यूआर कोड छापला आणि सोमवारी नव्या कोऱ्या मोटारसायकलवरून थेट गेट गाठलं. रांग एवढी, की शेवटचा ट्रक नाशकात उभा असावा.

कोड स्कॅन केला की प्रत्येक फोन बोंब मारायचा: ‘ही फाइल धोकादायक असू शकते.’

“साहेब, बँकेतलं गेलं म्हंजी?” बीडच्या एका ड्रायव्हरने विचारलं.

“अहो मामा, स्टोअरबाहेरच्या कुठल्याही फाइलला फोन असंच म्हणतो. काही होत नाही, मी सांगतो ना.”

“चोर बी तसंच सांगतो.”

सगळी रांग हसली. आतून कारखान्याचे सावंतसाहेब घड्याळ बघत होते.

तेवढ्यात गेटचे सुपरवायझर बाळूआण्णा उठले. गावचेच, गेटखालची जमीन एकेकाळी त्यांचीच. म्हणाले, “ह्याची गाडी आत घ्या रं. चावी माझ्याकडं ऱ्हाईल. कुणाच्या फोनला काय झालं, तर गाडी त्याची.”

मी तोंड उघडेपर्यंत चावी त्यांच्या खिशात होती. आणि काय सांगू राव, दुपारपर्यंत रांगेतल्या फोनाफोनात आमचं अ‍ॅप! नंबर आला की फोन वाजायचा, ट्रक आत जायचा. सावंतसाहेबांनी तिथूनच मॅडमना फोन लावून काम पक्कं केलं.

गाडी मात्र अडकली. “आठवडाभर बघू,” आण्णा म्हणाले. मग तक्रारींचा पूर आला. एकाचा फोन टमरेलात पडला, दुसऱ्याची बायको फोन उचलेना, दोष अ‍ॅपचा. सगळं मी निस्तरलं. बायकोची समजूतसुद्धा मीच काढली.

दरम्यान परीक्षकासाठी गेटची अट नसलेला डेमो पाठवला. स्टोअरने मुकाट मंजुरी दिली. मी ऐटीत बीडच्या मामांना दाखवलं, “बघा, आता अधिकृत झालं.”

त्यांनी स्क्रीन खालीवर करून पाहिली. “बरं. मग हितं काय झालं तर कुणाची गाडी धरायची?”

नव्या डेव्हलपरांना माझं एवढंच सांगणं: स्टोअरबाहेर अ‍ॅप जरूर वाटा, कुणाची परवानगी लागत नाही. फक्त वाटायला जाताना बसने जा.