साहेबांचं घड्याळ

आमच्या सुपरवायझरने पिंपरी कॅम्पातून स्वस्तातलं स्मार्टवॉच घेतलं आणि चाकणच्या आमच्या कंपनीत आजारी पडायची चोरी झाली. कुणी सुट्टी मागितली, की हा माणूस आधी घड्याळावर फुंकर मारणार, रुमालाने ते पुसणार आणि समोरच्याच्या मनगटावर बांधणार.

"बघ, नॉर्मल दाखवतंय. ठणठणीत आहेस भावा. जा लाइनवर."

आवाज मायेचा. त्या मायेनेच माझं डोकं फिरतं.

वेल्डिंगवरचे काका छाती चोळत आले, घामाने निथळत होते, तेव्हाही त्याने तेच केलं. मी घड्याळ काढून घेतलं, हात पुसायच्या फडक्याची गुंडाळी केली आणि तिच्यावर बांधलं. जरा वेळाने पडद्यावर आलं, नॉर्मल.

"साहेब, फडकंपण ठणठणीत आहे. लावा लाइनवर."

"तू पट्टा सैल बांधलास राव," तो शांतपणे म्हणाला आणि काकांच्या मनगटावर घट्ट आवळायला लागला. शेवटी आम्हीच काकांना हॉस्पिटलात नेलं. ते वाचले.

गेल्या आठवड्यात त्याच्या स्वतःच्या छातीत चमक आली. घड्याळाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. ओरडून गाडी मागवली आणि बसताना घड्याळ काढून माझ्या हातात कोंबलं.

"ठेव हे. डॉक्टरकडे काय करायचंय याचं?"

ॲसिडिटी निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो थेट माझ्या मशीनपाशी आला.

"घड्याळ दे रे. बाहेर एकजण सुट्टी मागतोय."