धुरीमास्तर आणि मधला उतार

धुरीमास्तरने पहिल्या भेटीत माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. गुडघ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे गुडघे की देवळाचे खांब रे? वाकतत तरी?" भांडुपच्या आमच्या कारखान्यात तो फिटर, मी स्टोअरमध्ये कारकून; मूळ गावं दोघांची एकाच तालुक्यातली. त्याच क्षणी तो माझ्या डोक्यात गेला, आणि इतक्या वर्षांत मी त्याला तिथून हलू दिलेलं नाही.

त्या काळात आम्हा मुलुंडकरांना बर्फ ठाऊक होता तो गोळेवाल्याचा. धुरी मात्र मनालीला जाऊन स्कीइंग शिकून आला होता आणि दर हिवाळ्यात कारखान्यातल्या दहाबारा जणांना तिकडे न्यायचा. त्याआधी रविवारी सकाळी आरे कॉलनीत तालीम. पायाला फळ्या बांधायच्या, फळ्यांना खोबरेल चोळायचं आणि वाळल्या गवतावरून सुटायचं. मी असा सुटायचो की तबेल्यातल्या म्हशी आठवडाभर दूध चोरायच्या. धुरीला त्याचं काडीचं कौतुक नाही. "घसराक धोंड्याकय येता," तो म्हणायचा. "तू थांबान दाखव!"

मनालीला दोन उतार होते. खालचा नवशिक्यांचा, त्याला धुरी बालवाडी म्हणायचा. वरचा मधला उतार. बालवाडीत जो हुकमी थांबून दाखवेल त्यालाच तो वर नेणार. मी तर सोसायटीतल्या चारही मजल्यांवर सांगून आलो होतो की हिमालय उतरूनच परत येतो. पाच दिवसांत बाकीचे सगळे वर गेले. बालवाडीत उरलो मी आणि एक पंजाबी आजी. सहाव्या दिवशी आजीही वर गेली.

सातवा दिवस शेवटचा. मी डोकं चालवलं: थांबता येत नाही, तर निदान सुसाट घसरून धुरीला दिपवू. आईने दिलेल्या बाटलीतलं खोबरेल शेगडीवर वितळवलं आणि आरेतल्यासारखं स्कीला तळाकडून सढळ हाताने चोपडलं. बाहेर पडलो, सगळ्यांसमोर जोर लावला. मी निघालो, स्की निघाल्या नाहीत. तेल थिजून त्याचा साबण झाला होता आणि त्याला दोन किलो बर्फ चिकटला होता. मी तोंडावर.

"मेल्या, डोक्याक लावूचा तेल तू पायाक लावलंस?" धुरी पहाड हादरेल असा ओरडला. "गाववाल्यांचा नाव घालवलंस!" मग खाली बसला आणि खिशातल्या सुरीने तासभर ते तेल खरवडत राहिला. प्रत्येक खरवडीला एक शिवी, आणि एकही दुसऱ्यांदा वापरलेली नाही.

"जा आता."

गेलो. त्याच्या बुटांपाशी थांबलो. माझा विश्वास बसेना. त्याचाही बसला नसावा.

"चल वर."

मधल्या उताराच्या माथ्यावरून खाली पाहिलं. म्हटलं, "मास्तर, पुढच्या वर्षी बघू या ना."

"मी खाली रवतंय. येवचा तर ये, नायतर हंयच घर बांध!" एवढं बोलून तो निघून गेला.

खाली उभा राहून तो माझ्या चालीची, माझ्या पोटाची, माझ्या अख्ख्या खानदानाची नक्कल करू लागला. बाकीचे हसत होते. आजीही. माझी भीती गेली. डोक्यात एकच गोष्ट उरली: या माणसाला धडक देऊन आडवा करायचा. सुटलो. तर तो डावीकडे सरकला. मीही वाकून डावीकडे वळलो. तो उजवीकडे पळाला, "हंय रे, हंय, म्हशी!" मी उजवीकडे. त्याला गाठायला असा मी पंधरावीस वेळा वळलो असेन. शेवटी तो हाताची घडी घालून जागीच उभा राहिला. मी थेट अंगावर आलो, आणि ऐन वेळी माझे दगाबाज पाय आपोआप आवळले गेले. स्कीचं टोक त्याच्या नडगीपासून वीतभर अंतरावर थांबलं.

मागे वळून पाहिलं तेव्हा कुठे कळलं की मधला उतार संपला होता.

"बायलीसारखो काय बघतस? सामान बांध," धुरी म्हणाला.

दोन वर्षांनी तो निवृत्त होऊन गावी गेला आणि तिथेच वारला. ती वीतभर जागा ओलांडून मी तेव्हा त्याला मिठी मारायला हवी होती.