कूलरचं बटन आणि माझी आई

माझी आई विसरली नव्हती.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं. वर्षभर सगळे हळहळत एकच बोलतायत, की शोभाताई एवढी हुशार बाई, आणि कूलरचं बटन बंद करायला विसरली.
मी ते ऐकत आले आणि मान हलवत आले.

आज खरं काय ते लिहितेय. पोस्ट लांब आहे, पण पूर्ण वाचा.

आमचं घर जऊळक्याला. आमच्याकडे कूलर सुरू व्हायचा तो चौदा एप्रिललाच, जयंतीच्या दिवशी. त्याआधी कितीही उकडलं तरी नाही.
सकाळी विहारात वंदना, घरी येऊन खीर. मग बाबा पत्र्याचा कूलर माळ्यावरून खाली काढणार आणि आई मालेगावहून आणलेल्या नव्या गवताच्या ताट्या त्यात बसवणार.

पहिली हवा आईची. पांढरी साडी, हातात खिरीची वाटी, आणि कूलरसमोर फतकल.
"सरका बाजूले. माही हवा अडवू नका."

कूलर बैठकीच्या खिडकीत. पाणी भरायचं बाहेरून, अंगणातून. कूलरवरच्या गोल बटनाने नुसता पंखा थांबतो. करंट थांबतो तो आत भिंतीवरच्या बटनाने.
म्हणून पाणी भरणं हे आमच्याकडे दोघांचं काम.

आई अंगणात पाइप धरून ओरडायची, "बटन?"
आतल्याने भिंतीवरचं बटन बंद करून ओरडायचं, "बंद!"
आणि पाणी भरून होईपर्यंत तिथेच उभं राहायचं, कोणी चुकून चालू करू नये म्हणून.

एकदा बाबांनी पेपर वाचता वाचता खुर्चीतूनच "बंद" म्हटलं. आई नेमकी साबण घ्यायला आत आली.
त्या दिवशी बाबांना जेवण मिळालं, पण शांततेत नाही मिळालं.
"बोट बटनावर असल्याबिगर बंद म्हनायचं नाही! तुमच्या भरोशावर माहा हात पाण्यात रायते!"

मी पुण्यात नोकरीला लागले तेव्हा हौसेने घरी एसी बसवला. मागच्या खोलीत, आईसाठी.
ती एक दिवस झोपली आणि उशी घेऊन बाहेर आली.
"मले नाही जमत बाप्पा तुह्यं ते कोल्ड स्टोरेज. मी काय बटाटा हाय का?"

त्यामुळे एसीत मीच. सुट्टीत आले की दार लावून, मोबाइल घेऊन.

गेल्या वर्षी मे महिन्यातली दुपार. बाबा मोटरसायकलने मालेगावला गेले होते. घरात आई आणि मी. कूलरचा पंखा आधीच थांबवलेला होता, त्यामुळे करंट चालू आहे हे अंगणातून कळणार नव्हतं.
माझ्या खोलीची खिडकीसुद्धा अंगणाकडेच आहे. काच बंद होती, तरी मला आईची हाक आली.
"पिंके, बटन?"

मी पडल्या पडल्या ओरडले, "बंद!"

रील संपलं की उठू, असं मनात होतं. खरंच होतं.

नंतर पाण्याचा आवाज येत राहिला. बराच वेळ. टाकी भरतेय, असं मला वाटलं. मग पाणी फरशीवर पडल्यासारखा आवाज यायला लागला, तेव्हा मी उठले.
बैठकीतलं बटन चालू होतं.
ते मी बंद केलं आणि मगच अंगणात धावले.

बाकीचं लिहिता येत नाही.

शेजारच्या काकू धावत आल्या. त्यांनीच सगळ्यांना सांगितलं, "पोरगी आत झोपली होती, एकटीनं पाणी भरताना बटन बंद करायचं इसरली असन बिचारी."
कोणीतरी मला विचारलं, "बटन चालू होतं का वं?"
मी म्हटलं, "हो. मी येऊन बंद केलं."
यातला एकही शब्द खोटा नाही. आणि तरी मी खोटं बोलले.

तेव्हापासून मला "बटन?" ऐकू येतं. पुण्यात, भाजी चिरताना, लिफ्टमध्ये, मीटिंगमध्ये. भरदिवसा.
नवरा सहज विचारतो, "गीझर बंद केलास ना?" मी हो म्हणत नाही. जाते, बटनावर बोट ठेवते, मग सांगते. त्याला वाटतं मला ओसीडी झालंय.
सांगून टाकावं, असं रोज वाटायचं. पण बाबांचं तोंड आठवायचं. बायको गेली, आता पोरगीही जाईल का हातातून, अशी भीती.

आणि बाबा मात्र वर्षभर तिच्या फोटोशी भांडत होते. मी प्रत्येक फोनवर ऐकलंय.
"सारी जिंदगी आमाले शिकवलं अन सोताच कशी इसरली वं तू?"
रागावून बोलायचे. मग रडायचे.
यंदाच्या जयंतीला त्यांनी कूलर खाली काढलाच नाही. आता एसीत झोपतात, दार उघडं ठेवून.

आज सकाळी वर्षाची वंदना झाली. भंतेजी गेले, पाहुणे जेवायला बसायचे होते. बाबा पुन्हा फोटोकडे बघून म्हणाले, "इतकी हुशार, अन..."
मी म्हटलं, "बाबा, ती विसरली नाही. तिनं विचारलं होतं. मी न उठता बंद म्हटलं."

बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं मारतील. मारायला हवं होतं.

ते उठले, फोटोसमोर गेले आणि हात जोडले.
"शोभे, मले माफ कर वं. सालभर तुलेच बोलून राह्यलो."

माझ्याशी ते अजून बोललेले नाहीत. आता संध्याकाळ झालीय. ते बाहेरच्या खोलीत आहेत, मी आत. दार उघडं आहे.

मला धीर देणाऱ्या कमेंट करू नका. फक्त पुन्हा कोणी शोभाताई विसरली म्हणालं, तर त्याला तिथेच थांबवा.

आई, चूक तुझी नव्हती. तुझ्या लेकीचं तुला अभिवादन.