एवारिस्तोकाकांचा न जुळलेला कोपरा

एवारिस्तो कायिसाया हे आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन. तीस वर्षांत आमच्या एल आल्तो शहरातल्या कितीतरी इमारतींचे पाये त्यांनी पेन्सिलीने काढले आणि त्यातली एकही अजून कलंडलेली नाही. हे ते स्वतः कधी सांगत नाहीत. शेजारच्या टेबलावरून मीच सांगते. पण नव्या आर्किटेक्ट अरांसिबियाबाईंना पेन्सिल दिसली की कपाळाला आठ्या पडतात. त्यांनी कॉम्प्युटरवर अख्खी इमारत उभी करणारं सॉफ्टवेअर आणलं आणि काकांना बजावलं, "आपल्या गिऱ्हाईक बासिलियाबाईंच्या नव्या इमारतीचा नकाशा यावरच करायचा. नाही जमलं तर दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं लिहा."

काकांना ते फार लागलं. पेन्शनला दोन वर्षं उरलेली, आणि आता दाराशी बसायचं.

भिंती जमल्या, जिने जमले. घोडं अडलं ते पायाच्या कोपऱ्यावर. साधा चौकोनी पाया असता तर दोन बाजूंच्या पायाच्या पट्ट्या कोपऱ्यात आपोआप जुळल्या असत्या. पण बासिलियाबाईंचा प्लॉट वाकडा, आणि पाया खाली रुंद, वर निमुळता, त्यात एकाच बाजूने उतरता. असल्या पट्ट्या कोपऱ्यात आल्या की एकतर एकमेकींत घुसायच्या, नाहीतर फटकून उभ्या राहायच्या.

"तिरकं कापून बघा ना, काका."

"कापलं. तर ही दुसरी रुसली. अगं, कागदावर हा कोपरा मी शीळ घालत काढायचो."

नकाशा द्यायचा दिवस उजाडला तरी चार बोटांची फट राहिलीच. "तू काही पाहिलं नाहीस," काका मला म्हणाले. मी नाही पाहिलं. अरांसिबियाबाईंनीही नाही पाहिलं. वरवर नजर टाकून सही ठोकली.

तीन आठवड्यांनी निरोप आला: पाया भरून झाला, बासिलियाबाई स्वतः येताहेत, नकाशा काढणाऱ्याला भेटायचंय. काकांनी ड्रॉवर रिकामा करायला घेतला. पट्टी, खोडरबर, चघळायच्या कोकाच्या पानांची पुडी.

बासिलियाबाई आल्या त्या सालतेन्यांनी, म्हणजे आमच्याकडच्या खिम्याच्या करंज्यांनी, भरलेली परात घेऊन. मागे त्यांचा मिस्त्री सेफेरिनो, टोपी हातात धरून.

"हा कोपरा कोणी काढला?" त्यांनी विचारलं.

"मी," काका म्हणाले.

सेफेरिनोने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "साहेब, धरणीमाता पाचामामाचा नैवेद्य आम्ही आजवर इंजिनियरची पाठ वळली की चोरून पायात ठेवायचो. नकाशातच तिची जागा सोडणारा माणूस पहिल्यांदा बघतोय. त्या फटीतून सळया आरपार नेल्या, मधे गोड वड्या, लोकर, लामाचं वाळवलेलं पिल्लू, सगळं रीतसर ठेवलं, आणि मग काँक्रीट ओतलं."

"माझी जाऊ मागे लागलीये," बासिलियाबाई म्हणाल्या. "तिच्या इमारतीचा नकाशा यांनीच काढायचा म्हणते."

अरांसिबियाबाईंनी एकदा काकांकडे बघितलं, एकदा परातीकडे. "आमच्याकडे रीतभात सांभाळूनच काम होतं," त्या म्हणाल्या आणि पहिली सालतेन्या उचलली.

गंमत अशी, की त्याच सकाळी काकांना कोपरा जुळवता आला होता. दोन्ही पट्ट्या कोपऱ्याच्या पुढे काढायच्या आणि मग एकीच्या अंगाने दुसरी कापायची, एवढंच ते होतं. तीन आठवडे जेवणाची सुट्टी मोडून त्यांनी ते शोधलं होतं. पाहुणे गेल्यावर त्यांनी बाईंना बोलावलं. "बघा, जुळलं. केसाएवढीसुद्धा फट नाही."

बाई वाकल्या. "वा, छान. आता तोडा. यापुढे प्रत्येक पायाच्या कोपऱ्यात चार बोटं जागा सोडायची."

काकांची खुर्ची वाचली, पगारही वाढला. ऑफिसात नवीन येणाऱ्यांना बाई त्यांच्याकडेच शिकायला पाठवतात. काका शिकवतातही, फट कशी सोडायची ते. पण नवा पाया हातात आला की ते आधी कोपरा नीट जुळवतात, हात मांडीवर ठेवून थोडा वेळ बघत बसतात, आणि मग तोडतात. तेवढा वेळ मी माझ्या कागदांतून मान वर काढत नाही.